१,७६,६३,१९,०४९ : भास्कराचार्यांचा हा आकडा आतून कसा आहे?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

राम राम मंडळी.

पाटणादेवीच्या शिलालेखावर इथे धागे निघाले, देवळाच्या कोरीवकामावर निघाले. भास्कराचार्य आपले की विजापूरकडचे यावर तर दर पावसाळ्यात एक निघतोच. पण या माणसाने केलेल्या गणितातल्या एखाद्या आकड्यावर कोणी चार ओळी लिहिल्याचं आठवत नाही. म्हणून आज फक्त एक आकडा घेतोय.

१,७६,६३,१९,०४९

एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास.

हा आला कुठून ते आधी सांगतो. सिद्धान्तशिरोमणी शके १०७२चा, म्हणजे इ. स. ११५०. त्यातल्या बीजगणित या भागात भास्कराचार्य मित्राला विचारतात: असा वर्ग कोणता, की त्याला ६१ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच येतो? त्याच श्लोकात ६७बद्दलही हाच प्रश्न आहे. आजच्या पद्धतीने मांडायचं तर

६१ × क² + १ = ज²

क म्हणजे कनिष्ठ मूळ, ज म्हणजे ज्येष्ठ मूळ. ६१ ही प्रकृती आणि मिळवायचा १ हा क्षेप. क शून्य घेतला तर ज एक येतो, ते उत्तर सोडून द्या. त्यानंतरचं सगळ्यात लहान उत्तर असं:

क = २२,६१,५३,९८०
ज = १,७६,६३,१९,०४९

आता गंमत बघा. ६१च्या शेजारी ६० आहे. तिथे क = ४, ज = ३१ (६० × १६ + १ = ९६१). दुसऱ्या बाजूला ६२. तिथे क = ८, ज = ६३ (६२ × ६४ + १ = ३९६९). दोन्ही शेजारी पाढ्यांत बसणारे आणि मधला एकटा थेट २२ कोटींवर. शंभरपर्यंत दुसरी कुठलीही प्रकृती इतकं मोठं उत्तर मागत नाही.

माझा प्रश्न या ज्येष्ठ मुळाबद्दल आहे. ते अविभाज्य आहे का? नसेल तर कशाकशाने फुटतं? त्याच्या आगेमागे काय आहे? दोन वर्गांच्या बेरजेत ते लिहिता येतं का? काही मी करून ठेवलंय, पण आधी तुम्ही सांगा.

आणि हो, भास्कराचार्य कुठले हा वाद या धाग्यावर नको. हात जोडतो.

केळीवाला_रावेर

दहा आकडे बघून आधी वाटलं, दादांनी चुकून कोणाचा मोबाईल नंबरच टाकला 😀 मग बघितलं तर १ने सुरू.

पण एक दिसलं. कनिष्ठ मूळ म्हणजे बावीस कोटी एकसष्ट लाख. ६१ आत लपून बसलाय की!

गिरणाकाठ

योगायोग आहे हो. पण लक्षात ठेवायला चांगला.

धुळ्यानापोऱ्या

भो, माले तं बठ्ठं डोकावरथीन गयं. पन एक सांगा, हाई २२ कोटी त्यासनी एकेक आकडा तपाशीसन काढं का?

नाना_अमळनेर

धुळेकर, प्रश्न नेमका आहे. एकेक तपासून काढायचं म्हटलं तर मिनिटाला एक आकडा धरा, ना जेवण ना झोप, तरी ४३० वर्षं लागतील. तेव्हा तसं नाही काढलेलं.

शाळेत असताना नववी-दहावीच्या मुलांना मी हे फळ्यावर करून दाखवत असे. अभ्यासक्रमात नसलं म्हणून काय झालं. इथेही तसंच करतो. वही घ्या.

आपल्याला ज² − ६१क² = १ हवंय. एकदम १ मिळत नाही, म्हणून आधी जवळचं काहीतरी धरायचं. ८चा वर्ग ६४, तो ६१पेक्षा ३ने जास्त. म्हणून पहिली ओळ:

ज ८, क १, क्षेप ३.

आता चाक फिरवायचं, म्हणूनच पद्धतीचं नाव चक्रवाल. एक संख्या अशी निवडायची, की ती ८मध्ये मिळवली तर ३ने भाग जावा आणि तिचा वर्ग ६१च्या जास्तीत जास्त जवळ असावा. ७ घ्या. ८ + ७ = १५, तिनाने भाग जातो. ७चा वर्ग ४९, तो ६१ला १२ने कमी पडतो.

नवा क : १५ ÷ ३ = ५
नवा ज : (८ × ७ + ६१ × १) ÷ ३ = ११७ ÷ ३ = ३९
नवा क्षेप : −१२ ÷ ३ = −४

पडताळा घ्या. ३९चा वर्ग १५२१. ६१ × २५ = १५२५. चारने कमी, बरोबर.

इथपर्यंत सगळं तोंडी होतं. असंच फिरवत राहिलं तर चौदाव्या ओळीला क्षेप १ येतो आणि काम संपतं. चौदा ओळींचे क्षेप ओळीने असे: ३, −४, −५, ५, ४, −३, −१, −३, ४, ५, −५, −४, ३, १. सातव्या जागी −१ आहे. तिथून उजवीकडे वाचा, मग डावीकडे वाचा. तेच आकडे, त्याच क्रमाने. शेवटचा १ तेवढा वेगळा.

पण क्षेप −४ आला की पुढे फिरवायची गरजच उरत नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८मध्ये भावना नावाची रीत देऊन ठेवलीय. दोन ओळी घ्यायच्या. दोन्ही ज-चा गुणाकार अधिक ६१ पट दोन्ही क-चा गुणाकार, हा नवा ज. तिरका गुणाकार करून बेरीज, हा नवा क. क्षेपांचा गुणाकार, हा नवा क्षेप. मग सगळं लहान करता आलं तर करायचं.

(३९, ५, −४) स्वतःशीच घेतला तर (३०४६, ३९०, १६). ज आणि क-ला दोनाने भागा, क्षेप चाराने भागला जातो : (१५२३, १९५, ४).

हा पुन्हा (३९, ५, −४)शी घ्या : (१,१८,८७२, १५,२२०, −१६). चाराने भागा, क्षेप सोळाने : (२९,७१८, ३,८०५, −१).

हा स्वतःशी घ्या, (−१) × (−१) = १ आणि समोर उभा तुमचा अब्जाचा आकडा.

तीन भावना. पाटी पुसायची सुद्धा फार गरज पडत नाही.

धुळ्यानापोऱ्या

नाना, आत्ते समजनं. भलतं भारी शे. वहीमा करी देखस.

सातपुडा_७५

वाखूसा (वाचनखूण साठवली). नानांसाठी टाळ्या. आणि हेच गणित फर्माने १६५७मध्ये युरोपातल्या गणित्यांना आव्हान म्हणून दिलं होतं. फ्रेनिकल या फ्रेंच गणित्याला लिहिलेल्या पत्रात नेमका ६१ आहे! म्हणजे आपण पाचशे वर्षं पुढे. तरी पुस्तकांत समीकरणाचं नाव काय, तर पेल या इंग्रज गणित्याचं!

नाना_अमळनेर

पेलचा या समीकरणाशी संबंध जवळपास नाहीच, ते नाव ऑयलरच्या गैरसमजातून पडलं. तेव्हा तुमचा राग योग्य माणसावर काढा. फर्माला बीजगणित ग्रंथ माहीत असायचं कारण नव्हतं. कोलब्रुकचं इंग्रजी भाषांतर १८१७चं. त्याने ६१ निवडला तो त्याला ठाऊक होतं म्हणून, की लहान आकड्यांत हाच सगळ्यात खाष्ट.

आणि "आपण पुढे" म्हणताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. चक्रवाल भास्कराचार्यांच्या आधीही होतं. १०७३च्या एका टीकेत जयदेव नावाच्या गणित्याची हीच रीत दिलेली आहे. दुसरं, कुठलीही प्रकृती घेतली (पूर्ण वर्ग सोडून) तरी उत्तर मिळतंच, याची सिद्धता लाग्रांजची, अठराव्या शतकातली. रीत आपल्याकडे आधी, सिद्धता तिकडे आधी. दोन्ही मोठीच कामं.

केळीवाला_रावेर

नाना, एक अडचण. मी आमच्या आडतीच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये ज-चा वर्ग काढला आणि ६१ × क² काढला. दोन्हीकडे ३११९८८२९८२८६०२६०००० आलं. वजाबाकी केली तर ०. एक यायला हवा होता ना? आता चुकलं कोण?

तापी_पूर्णा (जळगाव)

दादा, चुकलं एक्सेल. म्हणजे चुकलं असंही नाही, त्याची झेप तेवढीच आहे. ते संख्येचे पंधराच आकडे नीट दाखवतं, पुढे शून्यं भरतं. आत साठवतानाही एवढ्या मोठ्या संख्येला त्याच्या दोन लागोपाठच्या पायऱ्यांत ५१२चं अंतर पडतं. त्यात १ कुठे दिसणार? भरलेला ट्रक वजनकाट्यावर चढवून त्यात एक केळं जास्त आहे का, असं काट्याला विचारण्यासारखं आहे ते.

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत पूर्णांक कितीही लांब चालतो. तिथे:

ज² = ३११९८८२९८२८६०२६४४०१
६१ × क² = ३११९८८२९८२८६०२६४४००

एकाचा फरक. अख्खा प्रश्न त्या शेवटच्या एकाचा आहे आणि नेमका तोच कॅल्क्युलेटर आणि एक्सेल गिळतात.

केळीवाला_रावेर

काट्याचं पटलं 😀 एकदम पटलं. पण मग कॉम्प्युटर नसताना त्या काळी पडताळा कसा घेत असतील? एकोणीस आकडी गुणाकार?

नाना_अमळनेर

घाईचा पडताळा म्हणजे नवाचा ताळा. ज-चे आकडे मिळवा : ४६, मग १०, मग १. वर्ग १. क-चे मिळवा : ३६, मग ९, म्हणजे ०. ६१ × ० + १ = १. जुळलं. पण ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच, असं नसतं. चूक असेल तर बहुतेकदा पकडली जाते इतकंच.

पक्का पडताळा गिरणाकाठ सांगतील. मला वाटतं त्यांनी राखून ठेवलाय.

गिरणाकाठ

नाना, ओळखलंत. या आकड्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

ज-कडे बघू नका, त्याच्या आगेमागे बघा.

एक कमी : १,७६,६३,१९,०४८. निम्मे करा, ८८,३१,५९,५२४. हा नेमका २९,७१८चा वर्ग.

एक जास्त : १,७६,६३,१९,०५०. १२२ने भागा, १,४४,७८,०२५. हा नेमका ३,८०५चा वर्ग.

२९,७१८ आणि ३,८०५ म्हणजे नानांच्या फळ्यावरची शेवटून दुसरी ओळ. आता ज² − १ म्हणजे (ज − १) × (ज + १). म्हणजे

(२ × २९७१८²) × (२ × ६१ × ३८०५²)

ओळी बदलून लिहिलं तर ६१ × (२ × २९७१८ × ३८०५)². आणि कंसातला गुणाकार करून बघा : २२,६१,५३,९८०. कनिष्ठ मूळ!

एकोणीस आकडी गुणाकार कुठेच करावा लागला नाही. सगळ्यात मोठं काम म्हणजे २९,७१८चा वर्ग. तो ३०,००० वजा २८२ धरला तर पाच मिनिटांचं काम : ९०,००,००,००० − १,६९,२०,००० + ७९,५२४.

धुळ्यानापोऱ्या

करी दख्या. ऊनं! ८८,३१,५९,५२४ 💪

तापी_पूर्णा

आता मूळ प्रश्नाकडे. अविभाज्य नाही. कॉम्प्युटर लावायच्या आधीच कळतं, कारण ११ची कसोटी लागते. उजवीकडून एकाआड एक आकडे : ९ + ० + १ + ६ + ७ = २३. उरलेले : ४ + ९ + ३ + ६ + १ = २३. दोन्ही बेरजा सारख्या, म्हणजे ११ने निःशेष भाग.

भाग दिला तर १६,०५,७४,४५९ राहतात. तो ५९ने फुटतो, राहतात २७,२१,६०१. इथून पुढे मी प्रोग्रामला दिलं. शेवटचं उत्तर:

१,७६,६३,१९,०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७

चारही अविभाज्य, एकही दोनदा नाही. म्हणजे १ आणि स्वतः धरून एकूण सोळा विभाजक.

कनिष्ठ मूळ त्यामानाने फारच भुसभुशीत निघालं :

२२,६१,५३,९८० = २² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१

याचे विभाजक १४४. आणि एक विचारायचंय. ज-चा एक अवयव १५२३. नानांच्या फळ्यावर मधल्या ओळीत १५२३ होता ना? हाही योगायोगच का?

गिरणाकाठ

नाही! हा योगायोग नाही, आणि मी धागा काढला तो याच्यासाठीच.

नानांनी तीन भावना पायरीपायरीने दाखवल्या. ब्रह्मगुप्ताने क्षेप −४ असेल तर काय करायचं याचा थेट नियमच देऊन ठेवलाय. ओळीतला ज जर अ असेल आणि क जर ब असेल, तर आधी एक आकडा काढायचा :

म = (अ² + १) × (अ² + ३) ÷ २

मग

कनिष्ठ मूळ = अ × ब × म
ज्येष्ठ मूळ = (अ² + २) × (म − १)

अ = ३९, ब = ५ घाला. अ² = १५२१.

म = १५२२ × १५२४ ÷ २ = ११,५९,७६४
कनिष्ठ = १९५ × ११,५९,७६४ = २२,६१,५३,९८०
ज्येष्ठ = १५२३ × ११,५९,७६३ = १,७६,६३,१९,०४९

बघितलंत? ज्येष्ठ मूळ हे उत्तर म्हणून बाहेर येतं तेच दोन तुकड्यांत. १५२३ हा ३९² + २ आहे. दुसरा तुकडा ११,५९,७६३ पुढे ११ × ५९ × १७८७ असा फुटतो. कनिष्ठ मुळातला ७६१ कुठून आला असं वाटत असेल तर तो १५२२चा निम्मा. १२७ हा १५२४चा बारावा हिस्सा.

एरवी दहा आकडी संख्या फोडायला घेतली की डोकं फुटतं. पण ही संख्या जन्मालाच फोडलेली आली. ज्याने ती रचली त्या रीतीतच तिचे जोड दिसतात. लोक "बाराव्या शतकात एवढा मोठा आकडा!" म्हणून तोंडात बोट घालतात. मला त्या मोठेपणाचं फार काही वाटत नाही. मोठा आकडा कोणीही लिहील, नऊ पुढे नऊ लावत बसायचं. ३९ आणि ५ एवढ्या दोन चिमुकल्या आकड्यांत हा अख्खा अब्ज मावलाय, नवल वाटायचं तर त्याचं वाटावं.

सातपुडा_७५

सुंदर. आता विषय निघालाच आहे तर एवढंच म्हणतो, की ज्या गावी नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, ते गाव आजोबांचं नसेल असं मानणं जरा

संपादक मंडळ

धागाकर्त्याने सुरुवातीलाच विनंती केलेली आहे. वरील प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे.

गिरणाकाठ

संपादकांचे आभार 😀 सातपुडाभाऊ, राग मानू नका. जेवढं दगडावर आहे तेवढं मीच लिहून टाकतो. १२०७ साली भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, त्याने पाटणला मठ काढला, तिथे आजोबांचे ग्रंथ शिकवायचे म्हणून. निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात लेख उजेडात आणला. वरचा मजकूर संस्कृत, शेवटच्या ओळी जुन्या मराठीत, आणि त्यात गावच्या बाजारातल्या मालावर मठाचा वाटा किती, घाण्यामागे पळीभर तेल किती, असला रोकडा हिशेब आहे. त्या तेलाच्या दिव्याखाली पोरांनी ६१चं गणित घोकलं असेल असं मला आपलं वाटतं. पण ते माझं वाटणं झालं, दगडावर तसं काही नाही. आणि स्वतः भास्कराचार्य आपलं गाव विज्जडविड सांगतात, सह्याद्रीच्या आश्रयाचं. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

पातोंडेकर

पाटणादेवीला सहकुटुंब यायचा बेत आहे. जवळपास शेवभाजी कुठे बरी मिळते?

केळीवाला_रावेर

इथे लोक अब्ज फोडतायत आणि भाऊंना शेवभाजी! चाळीसगावकरांनो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा त्यांना.

तापी_पूर्णा

दोन वर्गांच्या बेरजेचं राहिलं होतं, ते केलं.

विषम संख्येला ४ने भागून ३ उरले तर ती दोन वर्गांची बेरीज नसतेच. आपल्या संख्येत ४९ला चाराने भागून १ उरतो, म्हणजे पहिली चाळणी ती पार करते. पण खरं उत्तर अवयवांत असतं. ११, ५९, १५२३, १७८७ या चारही अविभाज्यांना ४ने भागलं की ३ उरतात, आणि प्रत्येक एकदाच आलाय. असा एक जरी अवयव विषम वेळा आला तरी संख्या दोन वर्गांच्या बेरजेत बसत नाही. इथे चारही तसेच. म्हणजे ठाम नाही.

पण "एक वर्ग अधिक दुसऱ्या वर्गाची दुप्पट" असं मात्र लिहिता येतं. गिरणाकाठांनी दाखवलंच : १² + २ × २९७१८². आणि अवयवही तसेच निघतात.

११ = ३² + २ × १²
५९ = ३² + २ × ५²
१५२३ = ३९² + २ × १²
१७८७ = २७² + २ × २३²

यांच्या जोड्या लावून मूळ संख्या एकूण आठ रीतींनी तशी लिहिता येते. आठही इथे देत नाही, ज्याला हौस असेल त्याने काढाव्यात.

अजून एक दिसलं, ते मात्र मला नीटसं कळलं नाही. चारही अवयवांना २४ने भागा. ५९ म्हणजे ४८ + ११. १५२३ म्हणजे १५१२ + ११. १७८७ म्हणजे १७७६ + ११. आणि ११ तर ११च. सगळ्यांची बाकी ११!

नाना_अमळनेर

पोरी, नजर चांगली आहे. अर्धं कारण आहे, अर्धा योग.

ज = २ × २९७१८² + १. म्हणून ज-चा कुठलाही अविभाज्य अवयव घेतला तरी त्याला ८ने भागून १ किंवा ३च उरतात, तिसरं काही उरू शकत नाही. दुसरं, ११,५९,७६३ म्हणजे १५२३² − ३ याचा निम्मा. त्यामुळे त्याच्या अवयवांना १२ने भागलं की १ किंवा ११च उरतात. दोन्ही अटी एकत्र लावल्या की २४ने भागून बाकी १ किंवा ११, एवढ्या दोनच वाटा राहतात. हे झालं कारण.

११,५९,७६३ला स्वतःला २४ने भागलं तर ११ उरतात, म्हणून त्याच्या अवयवांत निदान एक तरी ११वाला असायलाच हवा. पण तिन्ही ११वाले निघाले आणि एकही १वाला निघाला नाही, हा योग. १५२३ला दुसरी अट लागू नाही, त्याची बाकी ११ येते कारण ३९ला तिनाने भाग जातो. ताडून बघ.

केळीवाला_रावेर

नाना, सगळं ऐकलं. धंदेवाईक माणसाचा प्रश्न : याचा उपयोग काय?

नाना_अमळनेर

ज-ला क-ने भागा. ६१चं वर्गमूळ मिळतं. किती बरोबर? ७.८१०२४९६७५९०६६५४३९ इथपर्यंत, म्हणजे दशांश चिन्हानंतर सतरा आकडे. एका भागाकारात. तुमचं एक्सेल पंधरावर थांबतं.

केळीवाला_रावेर

थांबतो मग मीही 🙏

नाना_अमळनेर

थांबू नका. दोन गणितं देतो. ५३ आणि १०९. १०९ हा फर्माच्या पत्रातला दुसरा आकडा. दोन्हींत क्षेप −४ सापडतो. गिरणाकाठांनी दिलेला नियम वापरा.

धुळ्यानापोऱ्या

५३ मी करस. ७ ना वर्ग ४९, चार कमी. म्हनजे पहिल्याच ओळीले −४! अ = ७, ब = १.

म = ५० × ५२ ÷ २ = १३००
कनिष्ठ = ७ × १३०० = ९१००
ज्येष्ठ = ५१ × १२९९ = ६६,२४९

पडताळा बी लिना. ५३ × ८,२८,१०,००० + १ = ४,३८,८९,३०,००१. ६६,२४९ ना वर्ग बी तोच. बरोबर शे ना नाना?

नाना_अमळनेर

शंभर टक्के. आता तापी_पूर्णा, यालाही २४ने भागून बघ.

तापी_पूर्णा

६६,२४९ = ३² × १७ × ४३३. इथे ११वाला एकही नाही. १७ची बाकी १७, तो ५१मधून आलेला. ४३३ची बाकी १. आणि ३ तर दोनदा घुसलाय. म्हणजे ६१च्या चौघांची एकी हा खरंच योग होता.

१०९ माझ्याकडून. चक्रवालाने क्षेप −४पर्यंत आले : अ = २६१, ब = २५. (२६१² = ६८,१२१ आणि १०९ × ६२५ = ६८,१२५.)

ज्येष्ठ मूळ = ६८,१२३ × २,३२,०३,७१,५६३ = १५८०७०६७१९८६२४९. कनिष्ठ १५१४०४२४४५५१००. पंधरा आकडी ज्येष्ठ मूळ. हा वहीवर केला, पायथनमध्ये फक्त तपासला.

गिरणाकाठ

आणि श्लोकातला दुसरा, ६७? तिथे −४ येत नाही.

नाना_अमळनेर

तिथे −२ येतो. ८चा वर्ग ६४, तिथून सुरू करा : (८, १, −३), (४१, ५, ६), (९०, ११, −७), (२२१, २७, −२). शेवटची ओळ स्वतःशी भावनेत घ्या, क्षेप ४ येतो, ज आणि क-ला दोनाने भागा. ज्येष्ठ ४८,८४२, कनिष्ठ ५,९६७. ६१पेक्षा मोठा असून पाच आकड्यांत आटोपला. ६८ तर त्याहून सोपा, ३३ आणि ४. करून बघा.